मेरुद्रवाची परीक्षा आणि मल्टिपल स्क्लेरोसिसचे निदान

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात जमाखर्च आणि रुग्णसंख्या यांच्या जोडीने एखाद्या वैद्यकीय विषयाची ओळख करून देणारा लेख असला, तर देणगीदारांना आपल्या दानाचा विनियोग कोणत्या कामी होतो हे कळते आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्या मनातील शंकांचेही निरसन होते. याच हेतूने प्रस्तुत लेखात मेरुद्रवाच्या तपासणीची माहिती दिली आहे. सर्वसामान्य भाषेत जिला ‘पाठीतून पाणी काढणे’ म्हणतात, ती ही तपासणी होय. तिचे नाव काढताच कुटुंबात चिंतेचे वातावरण पसरते. ‘पाणी काढले की माणूस कायमचा लुळा पडतो’ हा समज आजही खेड्यापाड्यांत आणि शहरांतही ऐकू येतो. या समजापायी तपासणी नाकारली गेली, तर पुढील अनेक वर्षांचे उपचार चुकीच्या वाटेने जाण्याचा धोका असतो. म्हणून हा विषय मुळापासून समजून घेणे उचित ठरेल.

आजाराचे स्वरूप

मेंदू, मेरुरज्जू आणि डोळ्याची नस यांतील चेतातंतूंवर मायेलिन नावाचे स्निग्ध आवरण असते. विजेच्या तारेवर रबराचे वेष्टन असावे, तसे त्याचे कार्य असते. या आवरणामुळे संदेश वेगाने आणि बिनचूक पोहोचतात. मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात शरीराची संरक्षणयंत्रणा आपल्याच मायेलिनवर हल्ला चढवते. आवरण जागोजागी झिजते आणि तेथे कठीण चट्टे तयार होतात. पॅरिस येथील साल्पेत्रिएर रुग्णालयातील विख्यात वैद्य झां-मार्तां शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराचे स्वतंत्र आणि सविस्तर वर्णन केले.

हा आजार बहुधा वीस ते चाळीस या वयात, म्हणजे ऐन उमेदीच्या काळात सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक आढळतो. एका डोळ्याने अंधुक दिसणे, पायांना मुंग्या येणे, चालताना तोल जाणे, लघवीवरील नियंत्रण सुटणे अशी लक्षणे येतात, काही आठवड्यांत ओसरतात आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी नव्या रूपात पुन्हा प्रकट होतात. लक्षणे येऊन जात असल्याने अशक्तपणा, मानसिक ताण किंवा ‘नस दबली’ अशी कारणे सांगितली जातात आणि मधला काळ वाया जातो. आज या आजारावर झटक्यांची संख्या कमी करणारी अनेक औषधे उपलब्ध आहेत. ती जितक्या लवकर सुरू होतील तितके पुढील अपंगत्व कमी होण्याची शक्यता असते. त्यामुळे निदान वेळेवर होणे महत्त्वाचे आहे, आणि ते बरोबर असणे त्याहूनही महत्त्वाचे आहे.

मेरुद्रव म्हणजे काय?

मेंदू आणि मेरुरज्जू यांच्याभोवती स्वच्छ पाण्यासारखा एक द्रव सतत खेळत असतो. त्याला मस्तिष्कमेरुद्रव किंवा थोडक्यात मेरुद्रव म्हणतात. प्रौढ व्यक्तीच्या शरीरात कोणत्याही वेळी तो सुमारे १५० मिलिलिटर असतो, परंतु दिवसभरात सुमारे ५०० मिलिलिटर नवा द्रव तयार होतो. म्हणजे हा साठा दिवसातून तीन-चार वेळा बदलतो. तपासणीसाठी साधारणतः १० ते १२ मिलिलिटर द्रव घेतला जातो आणि तो तासाभराच्या आतच भरून निघतो. ‘काढलेले पाणी पुन्हा भरून येत नाही’ ही भीती किती निराधार आहे, हे यावरून लक्षात येईल.

रक्त आणि मेंदू यांच्या दरम्यान निसर्गाने एक कडक चौकी बसवलेली आहे. रक्तातील मोठ्या आकाराची प्रथिने तिच्यातून सहजासहजी पलीकडे जात नाहीत. त्यामुळे मेंदूच्या परिसरात काय घडत आहे, याची जी खूण साध्या रक्ततपासणीत उमटत नाही, ती मेरुद्रवात उमटते.

द्रव कसा काढतात?

कंबरेतून सुई घालून मेरुद्रव काढण्याची पद्धत जर्मनीतील कील येथील वैद्य हाइनरिख क्विंके यांनी १८९१ मध्ये प्रसिद्ध केली. मूळ तत्त्व आजही तेच आहे. प्रौढ माणसाचा मेरुरज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई त्याच्या बरीच खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या मधून घातली जाते. तेथे मेरुरज्जू नसतोच. चेतांची सुटी मुळे द्रवात तरंगत असतात आणि ती सुईच्या टोकापासून बाजूला सरकतात. एखाद्या मुळाला सुईचा स्पर्श झाला, तर पायात क्षणभर कळ येते, परंतु कायमची इजा होणे अत्यंत विरळा आहे.

रुग्णाला कुशीवर झोपवून गुडघे पोटाशी घ्यायला सांगतात, त्वचा निर्जंतुक करून ती जागा सुन्न करणारे इंजेक्शन देतात आणि मग बारीक सुई घालतात. द्रव आपल्या गतीने थेंब थेंब पडू दिला जातो, तो ओढून घेत नाहीत. मेंदूतील दाब वाढल्याची शंका असेल, तर आधी सीटी स्कॅन किंवा एमआरआय केला जातो. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, रक्तातील प्लेटलेट्स फार कमी असतील किंवा कंबरेच्या त्वचेला संसर्ग झालेला असेल, तर ही तपासणी पुढे ढकलली जाते अथवा टाळली जाते.

सर्वांत अधिक आढळणारा त्रास म्हणजे नंतरची डोकेदुखी. ती उठून बसल्यावर वाढते आणि आडवे झाल्यावर कमी होते. येथे सुईच्या टोकाचा आकार निर्णायक ठरतो. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणानुसार, धारदार टोकाच्या जुन्या सुईने ११ टक्के रुग्णांना अशी डोकेदुखी झाली, तर पेन्सिलीच्या टोकासारख्या बोथट सुईने ती ४.२ टक्क्यांवर आली. धारदार सुई आवरण कापते; बोथट सुई त्याचे तंतू बाजूला सारून आत जाते, एवढाच काय तो फरक. दिवसभर सक्तीने आडवे पडून राहिल्याने ही डोकेदुखी टळते, याला मात्र आधार सापडलेला नाही.

प्रयोगशाळेतील पहिली पायरी

द्रवातील पेशी लवकर नष्ट होतात, म्हणून नमुना प्रयोगशाळेत पोहोचताच, शक्यतो तासाभरात, पेशींची मोजणी केली जाते. निरोगी माणसाच्या मेरुद्रवात एका घन मिलिमीटरमध्ये पाचपर्यंत पांढऱ्या पेशी असतात, प्रथिने सुमारे १५ ते ४५ मिलिग्रॅम प्रतिडेसिलिटर असतात आणि साखर रक्तातील साखरेच्या साधारण दोन-तृतीयांश असते. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये हे आकडे बहुधा सर्वसाधारण असतात किंवा पेशी किंचित वाढलेल्या असतात. पेशी ५० च्या वर गेल्या, प्रथिने १०० च्या पलीकडे गेली किंवा साखर घसरली, तर चिकित्सकाने थांबून दुसऱ्या आजाराचा विचार करावयाचा असतो. आपल्या देशात तो विचार प्रथम क्षयरोगाचा असतो. त्यामुळे या प्राथमिक, स्वस्त आणि कोणत्याही चांगल्या प्रयोगशाळेत होणाऱ्या चाचण्यांचे महत्त्व पुढील महागड्या चाचण्यांइतकेच आहे.

प्रतिपिंडांचा हिशेब

न्यूयॉर्क येथील संशोधक एल्विन कबात व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४२ मध्ये विजेच्या प्रवाहाने प्रथिने वेगळी करण्याची पद्धत मेरुद्रवाला लावली. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या अनेक रुग्णांमध्ये गॅमा ग्लोब्युलिन हा प्रथिनांचा वर्ग वाढलेला आहे, असे त्यांना दिसून आले. संसर्गाशी लढणारी प्रतिपिंडे याच वर्गात मोडतात. मग प्रश्न असा उभा राहिला की, ही प्रतिपिंडे रक्तातून पाझरून आली, की मेंदूच्या परिसरातच तयार झाली?

या प्रश्नाचे उत्तर अल्ब्युमिन देते. अल्ब्युमिन हे प्रथिन केवळ यकृतात तयार होते. मेरुद्रवात सापडणारे सर्व अल्ब्युमिन रक्तातूनच आलेले असते. म्हणजे चौकी किती सैल झाली आहे, हे त्यावरून मोजता येते. स्वीडनमधील हान्स लिंक आणि जी. टिब्लिंग यांनी १९७७ मध्ये याच तत्त्वावर आयजीजी निर्देशांक मांडला. आयजीजी हा प्रतिपिंडांचा प्रमुख प्रकार. त्याचे मेरुद्रव व रक्त यांतील गुणोत्तर काढावयाचे आणि त्याला अल्ब्युमिनच्या तशाच गुणोत्तराने भागावयाचे. उत्तर साधारण ०.७ पेक्षा अधिक आले, तर प्रतिपिंडांची निर्मिती आतच होत असल्याचे समजतात.

उदाहरणादाखल दोन रुग्ण घेऊ. दोघांच्याही रक्तात आयजीजी १२०० आणि अल्ब्युमिन ४००० मिलिग्रॅम प्रतिडेसिलिटर आहे. पहिल्याच्या मेरुद्रवात आयजीजी ६ व अल्ब्युमिन २० आहे. दोन्ही गुणोत्तरे ०.००५ येतात आणि निर्देशांक १ होतो, म्हणजे तो वाढलेला आहे. दुसऱ्याच्या मेरुद्रवात आयजीजी १२, म्हणजे पहिल्याच्या दुप्पट आहे. परंतु अल्ब्युमिनही ८० आहे. येथे गुणोत्तरे ०.०१ आणि ०.०२ येऊन निर्देशांक ०.५ होतो. नुसता आयजीजीचा आकडा पाहिला असता दुसरा रुग्ण अधिक संशयास्पद वाटला असता. प्रत्यक्षात त्याच्या बाबतीत चौकी गळत आहे, एवढेच सिद्ध होते. रक्ताचा आकडा हाताशी नसेल, तर हा हिशेब मांडताच येत नाही.

पट्ट्यांची भाषा

निर्देशांकापेक्षाही अधिक संवेदनशील चाचणी म्हणजे ऑलिगोक्लोनल बँड्सची, अर्थात प्रतिपिंडांच्या पट्ट्यांची तपासणी. एका पातळ जेलवर आम्लतेची चढती पायरी तयार करून तीत विद्युतप्रवाह सोडला जातो. प्रत्येक प्रथिन आपला विद्युतभार शून्य होईल त्या जागी जाऊन थांबते. नंतर केवळ आयजीजी दिसेल अशा रीतीने ते रंगवले जाते. निरोगी माणसाच्या असंख्य प्रकारच्या प्रतिपिंडांची एक धूसर, सलग छटा दिसते. मोजक्याच पेशीवंशांनी एकाच साच्याची प्रतिपिंडे मोठ्या प्रमाणात तयार केलेली असतील, तर मात्र स्वतंत्र, ठळक रेषा उमटतात. त्यांनाच पट्टे म्हणतात.

या तपासणीचे मर्म तुलनेत आहे. एकाच वेळी घेतलेले रक्त आणि मेरुद्रव, आयजीजीची पातळी समान करून, एकाच जेलवर शेजारी शेजारी चालवले जातात. त्यातून पाच प्रकारची चित्रे संभवतात.

१. दोन्हीकडे पट्टे नाहीत. हे सर्वसाधारण चित्र होय.
२. पट्टे केवळ मेरुद्रवात आहेत. प्रतिपिंडे आतच तयार होत आहेत.
३. काही पट्टे दोन्हीकडे, परंतु मेरुद्रवात त्याखेरीज आणखीही आहेत. येथेही आतील निर्मिती सिद्ध होते.
४. दोन्हीकडे अगदी सारखे पट्टे आहेत. ते रक्तातून आलेले असून मूळ कारण शरीरात इतरत्र आहे.
५. दोन्हीकडे एकाच प्रतिपिंडाची, जवळजवळ असलेल्या रेषांची शिडी आहे. रक्तातील एकाच पेशीवंशाच्या वाढीची ती खूण असते.

दुसरा आणि तिसरा प्रकार मल्टिपल स्क्लेरोसिसच्या बाजूने कौल देतात. चौथा प्रकार तसा कौल देत नाही. रक्ताचा नमुना पाठवलाच नाही, तर दुसरा आणि चौथा प्रकार एकमेकांपासून ओळखता येणार नाहीत. म्हणूनच रक्ताच्या जोडनमुन्याशिवाय केलेली ही तपासणी अपुरी मानली जाते.

तपासणीच्या मर्यादा

पट्टे आढळले म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस झालाच, असे नाही. मेंदूतील दीर्घकालीन संसर्ग, उपदंशाचा मेंदूवरील परिणाम, गोवरानंतर काही वर्षांनी मुलांना होणारा मेंदूदाह, ल्युपस, सार्कोइडोसिस अशा इतरही आजारांत ते दिसू शकतात. उलटपक्षी, पट्टे आढळले नाहीत म्हणून हा आजार नाही, असेही म्हणता येत नाही. जगभरातील अभ्यासांच्या २०१३ मधील एकत्रित विश्लेषणात मल्टिपल स्क्लेरोसिसच्या सुमारे ८८ टक्के रुग्णांमध्ये पट्टे आढळले, तर केवळ पहिलाच झटका आलेल्यांमध्ये हे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते. विषुववृत्तापासून दूर जावे तसे हे प्रमाण वाढते, असेही त्यात दिसले. युरोपच्या उत्तर भागापेक्षा आशियाई देशांत ते कमी असते. त्यामुळे परदेशी पुस्तकातील टक्केवारी आपल्या रुग्णाला जशीच्या तशी लावणे योग्य नव्हे.

न्यूरोमायलायटिस ऑप्टिका या आजाराचा येथे मुद्दाम उल्लेख केला पाहिजे. यातही डोळ्याची नस आणि मेरुरज्जू बाधित होतात, म्हणून पूर्वी तो मल्टिपल स्क्लेरोसिसचाच एक प्रकार समजला जाई. २००४ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिक आणि जपानमधील संशोधकांनी या रुग्णांच्या रक्तात एक विशिष्ट प्रतिपिंड शोधले. ते अॅक्वापोरिन-४ या प्रथिनावर हल्ला करते, हे २००५ मध्ये स्पष्ट झाले. या आजारात मेरुद्रवातील पट्टे थोड्याच रुग्णांत आढळतात आणि पेशी मात्र बऱ्याच वाढलेल्या असू शकतात. हा भेद निव्वळ पुस्तकी नाही. मल्टिपल स्क्लेरोसिसवर दिले जाणारे इंटरफेरॉनसारखे औषध या रुग्णांना दिल्यास आजार बळावू शकतो. पट्टे नसणे हीसुद्धा एक मोलाची माहिती असते, ती अशी.

निदानाचे बदलते निकष

मल्टिपल स्क्लेरोसिस एकाच तपासणीने सिद्ध होत नाही. चेतासंस्थेत निरनिराळ्या जागी आणि निरनिराळ्या वेळी हानी झाली आहे आणि तिचे अन्य कोणतेही कारण नाही, हे दाखवावे लागते. चेताविकारतज्ज्ञ इयान मॅक्डॉनल्ड यांच्या अध्यक्षतेखालील आंतरराष्ट्रीय मंडळाने २००१ मध्ये निकष ठरवले; त्यांत २००५, २०१० आणि २०१७ मध्ये सुधारणा झाल्या. २०१० मध्ये, एमआरआयवरील भर वाढल्याने, झटक्यांच्या स्वरूपातील आजारात मेरुद्रवाचे स्थान मागे पडले होते. २०१७ मध्ये ते पुन्हा पुढे आले. ठराविक लक्षणांचा पहिलाच झटका असला, एमआरआयवर निरनिराळ्या भागांत चट्टे असले आणि मेरुद्रवात पट्टे सापडले, तर दुसऱ्या झटक्याची वाट न पाहता निदान करता येते, असे त्या निकषांनी मान्य केले. रुग्णाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, उपचार महिनोन्‌महिने आधी सुरू होऊ शकतात.

२०२४ मध्ये तयार होऊन २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारित निकषांनी आणखी एक पाऊल टाकले आहे. कापा मुक्त लघुशृंखला, म्हणजे प्रतिपिंडांचे सुटे तुकडे, यांच्या मोजणीला पट्ट्यांच्या बरोबरीचे स्थान देण्यात आले आहे. पट्टे डोळ्यांनी वाचावे लागतात आणि त्यासाठी अनुभवी नजर लागते. नवी चाचणी यंत्रावर होते आणि तिचे उत्तर आकड्यात मिळते. मात्र तिलाही रक्ताचा जोडनमुना लागतोच.

नातेवाइकांसाठी काही सूचना

१. तपासणीपूर्वी चालू असलेल्या सर्व औषधांची, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची, माहिती डॉक्टरांना द्यावी. औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत.
२. कोणती सुई वापरली जाणार आहे आणि रक्ताचा नमुना त्याच वेळी घेतला जाणार आहे ना, हे निःसंकोच विचारावे.
३. नंतर बसल्यावर डोके दुखल्यास आडवे व्हावे, भरपूर पाणी प्यावे आणि डॉक्टरांनी सांगितलेली वेदनाशामक गोळी घ्यावी. त्रास काही दिवसांत न थांबल्यास त्यावर परिणामकारक उपचार आहे.
४. ताप, मान आखडणे, पायांतील बळ कमी होणे किंवा लघवी अडणे यांपैकी काहीही झाल्यास तत्काळ रुग्णालयात यावे.
५. अहवालाची मूळ प्रत जपून ठेवावी. पुढे डॉक्टर किंवा गाव बदलले, तरी पुन्हा सुई टोचण्याची वेळ त्यामुळे टळू शकते.
६. निदान निश्चित झाल्यास, २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात मल्टिपल स्क्लेरोसिसचा समावेश आहे, हे लक्षात ठेवून प्रमाणपत्राबाबत चौकशी करावी.

विश्वस्त व देणगीदारांना निवेदन

एमआरआयसारखे मोठे यंत्र सर्वांच्या नजरेत भरते आणि त्यासाठी देणगीही तत्परतेने मिळते. मेरुद्रवाच्या तपासणीला लागणाऱ्या गोष्टी लहान आहेत: बोथट टोकाची सुई, जोडनमुन्याच्या दोन नळ्या, तासाभरात पेशी मोजणारा तंत्रज्ञ आणि पट्ट्यांच्या तपासणीसाठी बाहेर पाठवलेल्या नमुन्याचे शुल्क. परंतु यांतील एकाची जरी उणीव राहिली, तरी उरलेला खर्च निष्फळ होतो. जोडनमुन्याचे पैसे वाचवण्यासाठी केवळ मेरुद्रव पाठवला, तर रुग्णाने सुई सोसली आणि हाती उत्तर मात्र आले नाही, अशी अवस्था होते.

महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी राखून ठेवाव्या लागतात, तसेच देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. या निधीला देणगीची जोड मिळाली, तर पैशांअभावी अर्धवट राहणाऱ्या तपासण्या पूर्णत्वास जातील. एखाद्या तरुण गृहिणीचा किंवा नुकताच नोकरीला लागलेल्या मुलाचा आजार नेमका कोणता, हे आजच कळले, तर योग्य औषध आज सुरू होते आणि चुकीचे औषध टळते. त्या कुटुंबाच्या पुढील अनेक वर्षांचा प्रश्न या दोन नळ्यांवर अवलंबून असतो. आपल्या सर्वांच्या सहकार्याने तो योग्य रीतीने सुटावा, हीच विनंती.